वैयक्तिक कारण

शफी, तुला मूठमाती देऊन आलो त्या दिवशी घरी येऊन मी पोटभर जेवलो. भूक लागली होती. हिने ताट वाढलं, मी दोन भाकरी खाल्ल्या आणि वर ठेचा मागितला. सांगायची लाज वाटते, पण तुझ्यापासून जेवणाच्या गोष्टी लपवण्यात कधी अर्थ नव्हता. तू असतास तर म्हणाला असतास, "बरं करं भो. उपाशी माणूसले रडता बी येत नही."

रडू पुढे आलं. वर्गात आलं, मैदानावर आलं. एकदा मुलांना रांगेत उभं करून शिट्टी तोंडात धरली आणि फुंकताच येईना. त्याची माझी तक्रार नाही. मित्र गेला की रडू येणारच. पण त्या रडण्यामागून जे आलं ते अजून घरात ठाण मांडून बसलं आहे, आणि त्याला मी दुःख म्हणणार नाही. त्याच्याबद्दल तुझ्याशीच बोलायचं आहे, कारण दुसऱ्या कुणाला सांगायला गेलो की लोक समजूत घालतात. "आयुष्यच तेवढं होतं," म्हणतात. तू अशी समजूत कधी घातली नसतीस. तू आधी विचारलं असतंस, "तेवढं म्हणजे किती, आणि कशावरून?"

आपली जोडी बघून कॉलेजात नवे आलेले लोक बुचकळ्यात पडायचे. मी पिंपळनेरकडचा क्रीडाशिक्षक, गळ्यात शिट्टी आणि तोंडाचा पट्टा कायम सुरू. तू अमळनेरचा, गाद्या भरणाऱ्या घरातला, वडिलांनी कापूस पिंजून शिकवलेला संख्याशास्त्राचा मास्तर. दुसऱ्याची दहा वाक्यं ऐकायचास तेव्हा तुझं एक बाहेर पडायचं. आणि ते एक वाक्य नेमकं माझ्या दहा वाक्यांचं मातेरं करणारं असायचं. गेटबाहेरच्या टपरीवर रोज दुपारी आपण भांडायचो आणि चहा संपला की भांडण तिथंच ठेवून वर्गावर जायचो. टपरीवाला नाना म्हणायचा, या दोघांचा कप धुवायला गेलो तरी त्यातून वाद निघतो.

तुझा माझा मुख्य वाद कुठून सुरू झाला, आठवतं? शिरसाठ सरांच्या नव्या घराच्या पंगतीत. वरण-बट्टी होती, घोटलेल्या वांग्याची भाजी होती, आणि आपण दोघे वाढायला होतो. तू तुपाचं भांडं घेऊन, मी बट्ट्यांची परात घेऊन. शेवटच्या ओळीतले एक म्हातारे आबा अर्ध्या पानावरून उठले आणि बाहेर ओट्यावर जाऊन बसले. मी लगेच निकाल दिला, "रुसले. मान नाही मिळाला." पाहुण्यांत कुजबुज सुरू झाली. शिरसाठ वहिनींचा चेहरा उतरला. तू तुपाचं भांडं खाली ठेवलंस, ओट्यावर गेलास, आबांच्या शेजारी बसलास आणि विचारलंस, "आबा, का उठलात?" एवढंच. मग गप बसलास. मी दारातून बघत होतो. मला तो तुझा गप बसण्याचा वेळ असह्य झाला, मीच काहीतरी बोलणार होतो. तेवढ्यात आबा पुटपुटले, "दात नहीत रे बाबा. बट्टी चावाई नही ऱ्हायनी. चार लोकांसमोर काय सांगू?"

तू आत आलास, बट्ट्या चुरल्यास, त्यावर गरम वरण ओतून ताट ओट्यावर नेऊन दिलंस. आणि घरी जाताना, स्कूटरवर माझ्या मागे बसून, मला तुझ्या शास्त्राचा पहिला धडा दिलास. "एकदाव पान मांडं का माणूस मोजनंच पडी. जेवना, नही जेवना, ते मंग. आनि उठना त काबरं उठना, ते त्याले इचारानं. आपुन नही सांगानं."

मी म्हटलं, "एका म्हाताऱ्यासाठी एवढं तत्त्वज्ञान?"

तू माझ्या पाठीवर दोन बोटांनी ठोकलंस, म्हणजे पुढे बघून गाडी चालव.

मग चालण्याचा अभ्यास आला. तो माझा, माझ्या हौसेचा. कॉलेजचे कारकून, प्रयोगशाळेतले लोक, ग्रंथालयातल्या बाया, सगळे सकाळी खुर्चीत बसतात ते संध्याकाळी उठतात. कुणाची कंबर धरलेली, कुणाची साखर वाढलेली. मला वाटलं, यांना सुट्टीनंतर पांझरा नदीच्या काठानं रोज चालवावं, आणि त्याचं काय होतं ते नीट लिहावं. आपल्या संस्थेची एक शाखा जळगावला, तिथले कर्मचारीही घ्यावेत. तुला सांगितलं तेव्हा मला वाटलं होतं, तू पाठ थोपटशील. तू विचारलंस, "चालणार कोण हे कोण ठरवणार?"

"ज्याला हौस आहे तो चालेल."

"म्हणजे जे आधीच धडधाकट ते. मग चालून काय झालं हे तुला कसं कळणार?"

असे आपले आठवडे गेले. तू एकेक प्रश्न काढायचास आणि मी चिडायचो. शेवटी तुझ्या म्हणण्याप्रमाणे चिठ्ठ्या टाकायचं ठरलं: निम्मे चालणारे, निम्मे नेहमीसारखे राहणारे. किती चाललो हे लोक तोंडी सांगतात त्यावर विश्वास नको म्हणालास, म्हणून मनगटावरचे पट्टे आणले. पट्ट्यांची आधी आठवडाभर चाचणी घेतली, त्यातही आपल्या लोकांनी कला दाखवलीच. लेखा विभागातल्या एकानं पट्टा नातवाच्या पाळण्याच्या दोरीला बांधून ठेवला आणि त्या आठवड्यात तो अख्ख्या गटात पहिला आला. मी त्याला सगळ्यांसमोर झापणार होतो. तू हसून हसून डोळे पुसलेस आणि म्हणालास, रागावू नको, त्याला विचार की घरातून बाहेर पडायला काय आड येतं. मी विचारलं नाही. मी झापलं. शफी, आता मागे वळून बघतो तर दर वळणावर तू मला विचार म्हणत होतास आणि दर वळणावर मी बोलत होतो.

आणि मग तुझी चिठ्ठी. लोक नाव द्यायला कचरत होते, म्हणून मी तुला गळ घातली: तू नाव दिलंस तर बाकीचे देतील. तुला ते पटत नव्हतं. "ज्यानं खेळ आखला त्यानं खेळात उतरायचं नसतं," म्हणालास. मी मैत्रीची शपथ घातली. तू चहा अर्धा ठेवलास, आणि एका अटीवर कबूल झालास: एकदा तू सहभागी झालास की माझ्या आकड्यांना हात लावणार नाहीस, बघणारही नाहीस, त्याबद्दल माझ्याशी बोलणारही नाहीस. मी म्हटलं, चालेल. मला तर बरंच वाटलं. रोजची कटकट मिटली, असं मनात आलं होतं. आलं होतं म्हणून लिहितो.

डब्यात हात घालून तू चिठ्ठी काढलीस. "चालणारे" असं निघालं. भाभीनं तुला पांढरे बूट घेऊन दिले. पहिल्या दिवशी तू ते घालून आलास तेव्हा अख्खं ऑफिस बाहेर येऊन बघत होतं. तू खाली मान घालून चाललास, नवरदेवासारखा लाजत.

काही दिवस आलास, मग यायचा बंद झालास.

मी विचारलं नाही. माझ्याच्यानं पुन्हा पुन्हा लिहवत नाही, पण हेच एक वाक्य आहे आणि बाकी सगळं त्याच्या आजूबाजूचं आहे. तुझ्यासारखेच आणखीही काही गळाले होते. त्यांच्या नावापुढे काय लिहायचं, तर सगळे लिहितात तेच मी लिहिलं: वैयक्तिक कारण. तुझ्या नावापुढेही तेच. हिशेब मी एकटाच करत होतो, तू शब्दाला जागून दूर होतास. गळालेल्यांना बाजूला काढलं आणि शेवटपर्यंत टिकलेल्यांचेच आकडे घेतले, तर निकाल असा झकास निघाला की प्राचार्यांनी मला बोलावून पेढा दिला. जळगावच्या परिसंवादात तो वाचायचं ठरलं.

त्याच सुमाराला तो दिवस. टपरी, नेहमीचा बाक, तू समोर. मी निकालाच्या आनंदात होतो. तुझ्या अटीमुळे आकडे सांगता येत नव्हते म्हणून जीभ वळवळत होती माझी. तू एकदाच अट मोडलीस. कपात बघत म्हणालास, "सोडी गयात त्यासले इचारं का?"

मी म्हटलं, "त्यांना काय विचारायचं? आळशी सगळे."

तू कप खाली ठेवलास. माझ्याकडे बघितलंस आणि म्हणालास, "माले इचार ना."

आणि मी, शफी, मी हसलो. नानाला ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं म्हटलं, "तुले काय इचारानं? तुन्हं पोटच सांगी ऱ्हायनं!" नाना हसला. शेजारच्या बाकावरची पोरं हसली. तूही हसलास. पोटावरून हात फिरवलास, चहाचे पैसे दिलेस आणि वर्गावर गेलास.

ते हसू मी किती वेळा परत बघितलं असेल. त्यात काही वेगळं होतं का, हे शोधतो. काही सापडत नाही. तू नेहमीसारखाच हसला होतास.

त्यानंतर फार दिवस नाही गेले. सकाळी नळाला पाणी आलं, तू गच्चीवरची टाकी भरली का बघायला जिना चढलास, आणि वरच्या पायरीवर बसलास. भाभी हाक मारत राहिली. मला फोन आला तेव्हा मी मैदानावर होतो. मी धावत आलो. आयुष्यभर लोकांना धावायला शिकवलं, त्या दिवशी धावून काही उपयोग नव्हता.

नंतर एका दुपारी मी भाभीकडे गेलो. चहा झाला. तुझ्या मुलीच्या परीक्षेचं बोलणं झालं. दाराशी तुझे पांढरे बूट होते, तळ फारसा न झिजलेले. मीच विषय काढला. खरं सांगायचं तर बोलायला काही नव्हतं म्हणून काढला. म्हटलं, "भाभी, शफीनं हे फार वापरलेच नाहीत. आळशी होता."

भाभीनं माझ्याकडे नवलानं बघितलं. "आळशी कुठं, दिलीपभाऊ? त्यांना तर फार आवडायचं तुमच्यासोबत चालणं. पण चालायला लागलं की इथं गच्च व्हायचं म्हणे." तिनं छातीवर मधोमध हात ठेवला. "जबडापण दुखायचा. बसलं की जायचं. मी म्हटलं, डॉक्टरला दाखवा. म्हणाले, पित्त असेल, पेपर तपासून झाले की दाखवतो."

शफी, मी व्यायामाचा मास्तर आहे. चालताना छाती आवळते आणि बसलं की थांबतं, हे माणसानं उच्चारलं की त्याला आहे तसा उचलून डॉक्टरकडे न्यायचं, हे आमच्या विषयात पहिल्या पानावर असतं. पहिल्या वर्षाच्या पोरांकडून मी ते पाठ करून घेतो. तू माझ्या कानावर ते एक वाक्य घातलं असतंस तर मी तुला त्या बाकावरून उठवून, चहा सांडला तरी, स्कूटरवर घातलं असतं.

मी भाभीला विचारलं, "मग मला का नाही सांगितलं त्यानं?"

"मी म्हटलं होतं ना, दिलीपभाऊंना सांगा म्हणून. तर म्हणाले, मी त्याच्या अभ्यासात आहे, मित्र म्हणून मागच्या दारानं जाऊन सांगणं बरं नाही. तो विचारेल. सोडणाऱ्या प्रत्येकाला विचारावंच लागतं, तेव्हा सांगेन." ती कप गोळा करू लागली. "मी मग एकदा विचारलंपण, विचारलं का हो त्यांनी? तर हसायला लागले. म्हणाले, इचारं नही, पन जवाब दी टाका त्यानीच."

तिच्या आवाजात दोष नव्हता. नवऱ्याची एक गंमत सांगावी तसं तिनं सांगितलं. मी माझा कप तिच्या ट्रेमध्ये ठेवला. ती ट्रे घेऊन आत गेली तेव्हा मी उठलो, माझे बूट घातले आणि न सांगता निघून आलो. तेवढंही धैर्य झालं नाही.

आता तुझ्यावर रागावतो, ऐक. तू काय कमी शहाणा होतास? छाती तुझी, जीव तुझा, आणि तू पद्धत बघत बसलास? जगातले सगळे अभ्यास खड्ड्यात गेले असते. तुझ्या त्या विचारण्यावर तुझा एवढा विश्वास, की मी कोण आहे हे विसरलास? तीस वर्षं माझी बडबड ऐकून तुला वाटलं कसं, की मी कधीतरी गप बसून विचारेन? मला एक शिवी घालायची होतीस. टपरीवर माझी गचांडी धरायची होतीस. अरे, निदान हसायचं तरी नव्हतंस.

बघ, पुन्हा मीच बोलतोय.

आपल्या डॉक्टर मित्राला मी सगळं सांगितलं. वेळेवर कळलं असतं तर वाचला असता का, असं विचारलं. तो म्हणाला, खात्रीनं सांगता येत नाही, कदाचित. मला माहीत आहे, तूही हेच म्हणाला असतास. एका माणसावरून निष्कर्ष काढायचा नाही. एक माणूस म्हणजे पुरावा नव्हे. खरं आहे रे. पण मी पुराव्याचं बोलत नाहीये. तुझी बाजू घेऊन तुझंच गणित मला सोडवायला येतं, आणि तरी त्या 'कदाचित'वर मला झोप लागत नाही.

जळगावच्या परिसंवादाआधी मी प्राचार्यांकडे गेलो. म्हटलं, हे असं वाचता येणार नाही, गळालेल्यांना विचारायचं राहिलं आहे, आणि त्यांनाही हिशेबात धरायचं आहे. ते म्हणाले, "आता? पत्रिका छापल्यात. आणि सगळेच असं लिहितात." खोटं नव्हते बोलत. सगळेच असं लिहितात. मीही उद्या दुसऱ्याचा अभ्यास वाचला असता आणि त्यात 'वैयक्तिक कारणांमुळे काही सहभागी गळाले' असं दिसलं असतं, तर त्या वाक्यावरून डोळे सरकवून पुढे गेलो असतो. त्या वाक्यात माणसं बसली आहेत हे माझ्या लक्षात आलं नसतं. मी प्राचार्यांना म्हटलं, "सर, मग पेढा परत घ्या." ते चपापले. मग म्हणाले, "काय करायचं ते करा."

मी निघालो. तू म्हणायचास तसं: विचारायचं आणि गप बसायचं. मला ते सूर्यनमस्कारांपेक्षा जड गेलं. प्रयोगशाळेतला काशिनाथ, ज्याला मी मनातल्या मनात कामचुकार ठरवून टाकलं होतं, त्याच्याकडे आधी गेलो. विचारलं, आणि ओठ दाबून उभा राहिलो. तो आधी घाबरला. मग म्हणाला, "सर, संध्याकायले मन्ही शेवटनी गाडी शे. तुम्हना संगे चालनू का ती जास. मंग गावपावत पायीच जानं पडस." चालण्याच्या अभ्यासातून हा माणूस गळाला, कारण त्यात राहिला असता तर घरापर्यंत चालत जावं लागलं असतं. तू केवढा हसला असतास. मी हसलो नाही, कारण पुढे तो म्हणाला, "माले कोन्ही इचारंच नही."

ग्रंथालयातल्या मालतीताईंनी बराच वेळ पुस्तकांवरची धूळ पुसली. मग सांगितलं, की नदीकाठी बाई रोज संध्याकाळी फिरते हे सासरच्या कुणीतरी घरी सांगितलं, मग नको तो प्रश्न आला, मग त्यांनी सोडलं. जळगावच्या एक अक्का आजारी आईला सोडून बाहेर पडू शकत नव्हत्या. भुसावळहून ये-जा करणाऱ्या एकाची गुडघ्याची सूज चालून वाढली होती, आणि दिलीप सरांना वाईट वाटेल म्हणून तो बोलला नव्हता. लोक मला जपत होते, शफी! मी त्यांना आळशी म्हणत होतो आणि ते मला जपत होते. तुझ्यासारखेच.

सगळ्यांना घेऊन पुन्हा हिशेब मांडला. पान मांडलेला प्रत्येक माणूस मोजला. झकास निकाल जागच्या जागी बसला. थोडा फायदा दिसतो, ठामपणे सांगता येत नाही, आणि ज्यांना सर्वांत गरज होती त्यांना हा उपक्रम सोयीचाच नव्हता, असं काहीसं निघालं. ते मी जळगावला उभं राहून वाचलं. गळालेल्यांची कारणं त्यांच्याच शब्दांत वाचली, नावं न घेता. सभागृहात चुळबुळ झाली. शेवटी एकानं विचारलं, "म्हणजे तुमचा प्रयोग फसला म्हणायचा का?" तुझ्यासारखं एक वाक्य मला सुचलं असतं तर बरं झालं असतं. मी नुसतं "पहिल्यांदाच नीट झाला" म्हणालो आणि खाली बसलो. टाळ्या बेताच्याच पडल्या. येताना एसटीत खिडकीशी बसून मी शेजारची जागा पारोळ्यापर्यंत पिशवी ठेवून अडवून ठेवली होती, हे माझ्या उशिरा लक्षात आलं.

पण तुझ्या नावापुढची जागा राहिली. तिथं काय लिहावं? भाभीनं सांगितलं ते लिहायला हात गेला होता. मग तूच आठवलास: दुसऱ्याच्या तोंडचं कारण हे कारण नव्हे, माणसानं स्वतः सांगितलं पाहिजे. 'वैयक्तिक कारण' तर मी कधीच खोडलं होतं. 'कारण माहीत नाही' असं लिहिलं, पण तेही पटेना. त्यात दोष तुझ्याकडे जातो, जणू तू लपवलंस. शेवटी जे खरं होतं ते लिहिलं. तुझ्या नावापुढे लिहिलं, 'विचारलं नाही.' जळगावला ती ओळही वाचली. ती वाचताना माझा आवाज गेला, आणि लोकांना वाटलं माइक बिघडला.

भाभीकडे परवा पुन्हा जाऊन आलो. या वेळी सगळं सांगितलं, टपरीवरचं माझं वाक्यसुद्धा. ती मग म्हणाली, "डॉक्टरकडे ओढून न्यायला मीपण होते ना, दिलीपभाऊ." आणि रडली. तुझ्या घरात तुझ्याबद्दल अपराधी वाटून घेणारे आम्ही दोघं आहोत, आणि दोघंही एकमेकांना म्हणतो, तुमचा काही दोष नाही. माफ केलं असं ती म्हणाली नाही. मी मागितलंही नाही. निघताना तिनं ते पांढरे बूट पिशवीत घालून मला दिले. माझ्या पायाला होत नाहीत, हे आम्हा दोघांनाही माहीत होतं.

तुझं देणं म्हणून सांगतो, तुझ्यामुळे मी एक गोष्ट शिकलो, असं लिहायचं मनात होतं. पण ते फार स्वस्त होईल. तुझ्या जिवाची किंमत माझ्या शिकण्याएवढी नव्हती. मला न शिकवता तू जगला असतास तर मला चाललं असतं. रोज दुपारी हरलो असतो तुझ्याशी.

आज टपरीवर गेलो. तू गेल्यापासून त्या बाजूला फिरकलो नव्हतो. नानानं काही न विचारता दोन कप आणून ठेवले, मग त्याच्या लक्षात आलं आणि तो दुसरा उचलायला लागला. मी म्हटलं, राहू दे. तुझ्या बाजूचा बाक मोकळा होता. मी समोर बसलो. शेजारची पोरं त्यांच्या नादात होती. हळूच, त्यांना ऐकू जाणार नाही असं, पण अगदी शब्दात म्हटलं, कारण मनातल्या मनात विचारलेलं तू धरत नाहीस.

"शफी, तू चालनं काबरं सोडं भो?"

विचारलं. आता मी गप बसतो.